सेल कोणता, टेस्ट कोणती? सारख्या आवाजाच्या इंग्रजी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मराठी घरातलं मूल घरी मराठी बोलतं, रस्त्यावर गुजराती, टीव्हीपुढे हिंदी आणि वर्गात इंग्रजी. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा वाडीत राहणाऱ्या पालकांकडून, परदेशी जायची तयारी करणाऱ्यांकडून आणि ऑफिसात रोज ईमेल लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

शब्द पाठ करूनही गोंधळ का होतो?

कारण इंग्रजी शब्द आपल्या डोक्यात देवनागरीत साठवलेला असतो. 'सेल' म्हटलं की घड्याळातला सेल, दिवाळीचा सेल, विकणं आणि जहाजाचं शीड हे चारही शब्द एकाच खणात पडलेले असतात. लिहायची वेळ आली की हात त्या खणात जातो आणि जो शब्द वर असेल तो बाहेर येतो. पाठांतर कमी पडलेलं नसतं, खण वेगळे केलेले नसतात.

असे शब्द तीन जातींचे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिली जात खऱ्या जुळ्यांची. इंग्रज माणसालाही ते सारखेच ऐकू येतात, त्यामुळे तिथे स्पेलिंग आणि अर्थ यांची गाठ घालण्याखेरीज मार्ग नाही. दुसरी जात आपल्या तोंडात जुळ्या झालेल्या शब्दांची. इंग्रजीत त्यांचा आवाज निराळा आहे, आपण तो एक करून टाकला. तिथे कान आणि जीभ सुधारली की स्पेलिंग आपोआप सुधारतं. तिसरी जात नुसत्या दिसण्यातल्या सारखेपणाची: 'फॉर्म' आणि 'फ्रॉम', 'डेअरी' आणि 'डायरी', 'क्वाइट' आणि 'क्वायट'. यांत एखाद-दुसऱ्या अक्षराची जागा बदलते, आणि डोळ्यांना सवय झाली की त्या चुका थांबतात.

मराठीतही हे आहेच. 'दिन' आणि 'दीन' बोलताना आपण फारसा फरक करत नाही, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा हेही अर्थावरूनच लक्षात ठेवतो. तीच सवय इंग्रजीत न्यायची आहे.

इथे इंग्रजी शब्द देवनागरीत का दिले आहेत?

रोमन रूप तुम्ही स्वतः लिहावं म्हणून. फरकाची अक्षरं नावानं सांगितली आहेत. वही घेऊन ती रोमन लिपीत स्वतः लिहून काढा. नुसतं वाचण्यापेक्षा हातानं लिहिलेला शब्द जास्त टिकतो.

'टेस्ट', 'वेस्ट', 'वेट', 'सेल' यांचं काय करायचं?

मराठी माणसाच्या इंग्रजीतला हा सगळ्यांत मोठा घोळ आहे आणि त्याचं मूळ एका मात्रेत आहे. इंग्रजीत आखूड 'ए' आणि लांब 'ए' हे दोन वेगळे स्वर आहेत. आपल्याकडे दोघांना एकच मात्रा. म्हणून परीक्षा ती टेस्ट आणि चव तीही टेस्ट.

मराठीत मात्र दोन्ही आवाज आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. 'एक' म्हणा, मग 'एक्का' म्हणा. 'एक्का'तला ए आखूड, झटक्यात संपणारा. परीक्षेच्या टेस्टमध्ये तो हवा. चवीच्या टेस्टमध्ये ए लांबवून शेवटी किंचित 'इ'कडे न्यायचा: टे-इ-स्ट. आरशासमोर म्हटलं तर लांब ए म्हणताना जबडा हळूहळू मिटत जाताना दिसतो, आखूड ए म्हणताना तो हलत नाही.

आता 'वेस्ट' घ्या. आपल्या तोंडी यात चार शब्द आहेत: पश्चिम, बनियन, कचरा आणि कंबर. त्यांपैकी कचरा आणि कंबर हे खरे जुळे, दोघांनाही लांब ए. कचऱ्याच्या शब्दाच्या शेवटी 'एस-टी-ई' येतं, कमरेच्या शब्दात मध्ये 'ए-आय' येतं. पश्चिम आणि बनियन दोन्हींना आखूड ए, पण पश्चिमेला सुरुवातीला डब्ल्यू आणि बनियनला व्ही. म्हणजे आपला एक आवाज, इंग्रजीत तीन आवाज आणि चार स्पेलिंगं. 'वेट'चंही तसंच: वजन आणि थांबणं हे खरे जुळे, ओला आणि जनावरांचा डॉक्टर हे वेगळ्या आवाजाचे. 'सेल'मध्ये दोन जोड्या आहेत. विक्रीचा सेल आणि शीड यांना लांब ए, तर विकणं आणि बॅटरीचा किंवा शरीरातल्या पेशीचा सेल यांना आखूड.

ही यादी वहीत पुढे वाढवता येते: गेट, पेन, मेन, डेट, रेड, शेड, फेल, एज. प्रत्येकापुढे मराठीतले दोन अर्थ लिहा, मग आखूड की लांब ते लिहा आणि शेवटी स्पेलिंग. हा क्रम उलटा करू नका. अर्थ आधी, आवाज मग, अक्षरं शेवटी.

'लेटर' आणि 'पेपर' लिहिताना एक टी की दोन, एक पी की दोन?

वरचा आखूड-लांब फरक कळला की हे उत्तर हातात येतं. मधलं व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर आधीचा स्वर बहुधा आखूड, एकदाच असेल तर बहुधा लांब. पत्राच्या लेटरमध्ये ए आखूड म्हणून दोन टी, 'नंतर' या अर्थाच्या लेटरमध्ये लांब म्हणून एक. मिऱ्याच्या पेपरमध्ये दोन पी, वर्तमानपत्राच्या पेपरमध्ये एक. रात्रीच्या जेवणाच्या डिनरमध्ये दोन एन. एक एन लिहिला तर तो 'डायनर' होतो, म्हणजे जेवणारा माणूस.

हा नियम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो तो 'फिलिंग' आणि 'फाइलिंग' यांत. फॉर्म भरणं ते फिलिंग, दोन एल. रिटर्न दाखल करणं ते फाइलिंग, एक एल. कर सल्लागाराच्या पाटीवर दोन एल पडले की अर्थ बदलतो. नोकरीच्या अर्जातली नेहमीची चूकही इथेच सापडते: 'करिअर'च्या जागी 'कॅरिअर'. सायकलच्या मागचं कॅरिअर, सामान वाहून नेणारं, त्यात मध्ये दोन आर, कारण आधीचा अ‍ॅ आखूड. आयुष्यातल्या करिअरला मध्ये एक आर, दोन ई, आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर.

नियमाला अपवाद आहेत. वाळवंटाच्या शब्दात एक एस आणि जेवणानंतरच्या गोडात दोन, ही जोडी या नियमानं सुटत नाही. तिथे जोर पाहा: वाळवंटात पहिल्या तुकड्यावर, गोडात दुसऱ्यावर.

गुजरातीच्या सहवासामुळे मराठी मुलांचे कोणते शब्द बिघडतात?

'ऑ' आणि 'अ‍ॅ' असलेले. गुजराती छपाईत इंग्रजी शब्दांवरचा चंद्र पुष्कळदा गाळतात: कोलेज, ओफिस, डोक्टर, बेंक, स्नेक्स, होल. रोज पाट्या वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत हीच रूपं बसतात आणि मग इंग्रजीत 'हॉल' आणि भोक या अर्थाचा 'होल', 'स्नॅक्स' आणि साप या अर्थाचा 'स्नेक्स' एकमेकांत मिसळतात.

मराठी लिपीत चंद्र आहे आणि इथे तो मोठा आधार आहे. मुलाला विचारा, "मराठीत लिहिताना यावर चंद्र देशील का?" 'अ‍ॅ'चा चंद्र आला तर इंग्रजीत जवळजवळ नेहमी 'ए' हे अक्षर: बॅट, मॅन, बॅग, स्नॅक्स. 'ऑ'चा चंद्र आला तर बहुधा एकटा 'ओ', नाहीतर एलच्या आधीचा 'ए': कॉट, डॉक्टर, हॉल, बॉल, कॉल. चंद्र नसलेला 'ओ' असेल तर 'ओ'च्या जोडीला दुसरं काहीतरी असण्याची शक्यता जास्त: अंगात घालायचा कोट 'ओ-ए', वाडग्याचा बोल 'ओ-डब्ल्यू', भोकाच्या होलमध्ये शेवटी 'ई'.

फाइन आर्ट्सला जाणाऱ्यांसाठी एक जोडी राहिली. चित्रांचे कपटे चिकटवून केलेलं 'कोलाज', त्यात 'एल-एल-ए-जी-ई', आणि 'कॉलेज', त्यात 'एल-एल-ई-जी-ई'. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा 1950 पासून आहे, तिथल्या विद्यार्थ्याला हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात लिहावे लागतात.

'लूज' कसं लिहायचं?

आधी 'लूज' हे दोन शब्द आहेत हे कानाला पटलं पाहिजे. सैल या अर्थाचा शब्द इंग्रजीत 'लूस' आहे, शेवटी स. हरणं किंवा गमावणं या अर्थाचा 'लूझ', शेवटी झ. आपण 'लूज कनेक्शन', 'लूज मोशन' म्हणतो तिथेच घोळ होतो, कारण सैलाला आपण झच्या जवळ नेऊन ठेवलं. सैल गोष्टीत जागा भरपूर असते, म्हणून तिच्यात दोन ओ. गमावलं की एक ओ जातो.

स आणि झचा हाच फरक पुढच्या जोड्यांतही आहे. किंमत 'प्राइस', बक्षीस 'प्राइझ'. सल्ला हे नाम 'अ‍ॅडव्हाइस', शेवटी सी-ई. सल्ला देणं हे क्रियापद 'अ‍ॅडव्हाइझ', शेवटी एस-ई. ईमेलमधलं 'प्लीज अ‍ॅडव्हाइझ' हे क्रियापद आहे, तिथे सी लिहिणं चूक. 'डिव्हाइस' आणि 'डिव्हाइझ' यांनाही हेच लागू.

'स्टेशनरी'त ए की ई?

कागद-पेनाच्या स्टेशनरीत शेवटी 'ई-आर-वाय', स्थिर या अर्थाच्या शब्दात 'ए-आर-वाय'. दोन्ही मुळात एकाच घरचे आहेत. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते फिरून माल विकत. विद्यापीठांजवळ एका जागी दुकान मांडून पोथ्या आणि लेखनसाहित्य विकणाऱ्याला 'स्टेशनर' म्हणू लागले, म्हणजे ठाण मांडून बसलेला. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला 1557 साली राजाज्ञा मिळाली.

बेकर विकतो ती बेकरी, ग्रोसर विकतो ती ग्रोसरी, स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. तिन्हींत 'ई-आर-वाय'. शब्द एकटा लक्षात ठेवण्यापेक्षा त्याच्या कुटुंबासकट ठेवला तर पुढच्या महिन्यातही आठवतो.

'प्रिन्सिपल'चे दोन शब्द कसे ओळखायचे?

मराठीत 'मुख्य' हा शब्द बसतो का पाहा. प्राचार्य म्हणजे मुख्य अध्यापक. कर्जाचं मुद्दल म्हणजे व्याज सोडून मुख्य रक्कम. मुख्य कारण, मुख्य शहर, सगळीकडे शेवटी 'पी-ए-एल'. 'मुख्य' बसत नसेल आणि 'तत्त्व' किंवा 'सिद्धांत' बसत असेल तर 'पी-एल-ई'. बँकेच्या पत्रात मुद्दलाच्या जागी 'पी-एल-ई' लिहिलं तर तुम्ही तत्त्व फेडायला निघालात असा अर्थ होतो.

गणपती मंडळाच्या स्मरणिकेत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स' चुकतं ते कसं?

जाहिरातीत हवा तो शुभेच्छांचा, कौतुकाचा शब्द, त्यात 'एल-आय-एम'. 'एल-ई-एम' लिहिलं की तो पूरक या अर्थाचा होतो, म्हणजे दुसऱ्याला पुरं करणारा. 'कम्प्लीट' या शब्दात एलनंतर ई येतो, त्यावरून हा लक्षात ठेवावा. भूमितीत 90 अंश पुरे करणारे कोटिकोन याच ईचे. हॉटेलातला फुकट नाश्ता मात्र आयचा. छपाईला देण्याआधी स्मरणिकेतल्या प्रत्येक जाहिरातीत हे एक अक्षर तपासा, कारण एका फाइलमधली चूक पुढे प्रत्येक पानावर चिकटवली जाते.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'?

साइड इफेक्ट, साउंड इफेक्ट, स्पेशल इफेक्ट: मराठीत रुळलेले हे सगळे नाम आहेत आणि सगळे 'ई'चे. क्रिया असेल तर 'ए': पावसामुळे पिकं अफेक्ट होतात. क्वचित 'इफेक्ट' क्रियापद होतं, तेव्हा अर्थ 'घडवून आणणं'. रोजच्या लिखाणात त्याची गरज सहसा पडत नाही.

व्ही आणि डब्ल्यू वेगळे म्हणायचे कसे?

आपला 'व' या दोघांच्या मध्ये आहे. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा आणि आवाज लांबवा. ओठाला गुदगुल्या होऊन 'व्व्व' असं गुणगुणणं लांबलं तर व्ही बरोबर. डब्ल्यूसाठी दात कुठेच टेकवायचे नाहीत. ओठांचा चंबू करून 'उ' म्हणा आणि लगेच पुढच्या स्वरावर या: उ-एस्ट म्हणजे पश्चिम. वाइनमध्ये दात लागले की दारूची वेल होते. रोज पाच मिनिटं आरशासमोर केलं तरी पुरतं, मात्र बोट ओठाजवळ धरून दात लागतात की नाही ते पाहत करायला हवं. नुसतं म्हणत राहिलं तर जुनाच 'व' पक्का होतो.

'शिप' आणि 'शीप'मध्ये ऱ्हस्व-दीर्घ पाळलं की झालं?

अर्धं झालं. मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं अक्षराच्या जागेवर ठरतं, अर्थावर नाही, म्हणून आपला कान त्याला फारसं मोजत नाही. इंग्रजीत लांबीबरोबर जिभेची जागाही बदलते. लांब 'ई'ला ओठ हसल्यासारखे ताणले जातात, आखूड 'इ'ला ते सैल असतात आणि जीभ किंचित खाली येते. नुकसान करणारी जोडी म्हणजे राहणं आणि सोडून जाणं. मुलाखतीत 'मी बडोद्यात राहतो' म्हणताना ई लांबली तर समोरच्याला 'मी बडोदं सोडतोय' असं ऐकू जातं.

'पिन' म्हटलं तर परदेशी माणसाला 'बिन' का ऐकू येतं?

इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के या आवाजांबरोबर श्वासाचा झोत सुटतो. आपला प, ट, क कोरडा असतो, आणि त्यांच्या कानाला तो ब, ड, गसारखा लागतो. तोंडासमोर पातळ कागद धरा. पी म्हणताना कागद हलला पाहिजे. एसनंतरच्या पीला, म्हणजे 'स्पिन'मध्ये, तो हलायला नको.

इंग्रजी स्पेलिंग इतकं आडवळणाचं का?

विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याच सुमाराच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीतले लांब स्वर तोंडात बदलत गेले, पण छापील स्पेलिंगं बरीचशी जुन्या जागीच राहिली. भेटणं आणि मांस हे दोन 'मीट' आज सारखे वाटतात, तेव्हा त्यांचे स्वर निराळे होते. 'डबल ई' आणि 'ई-ए' हा फरक तेव्हाचा आहे. काही अक्षरं पंडितांनी मुद्दाम घातली. कर्जाच्या 'डेट'मधला न ऐकू येणारा बी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी नंतर आला.

अशी मुकी अक्षरं लक्षात ठेवायला शब्दाचा बोलका नातेवाईक शोधा. 'डेट'मधला बी 'डेबिट'मध्ये ऐकू येतो. 'साइन'मधला जी 'सिग्नेचर'मध्ये ऐकू येतो.

ब्रिटिश की अमेरिकन, कुठलं धरायचं?

एक कुठलंही, पण एका मजकुरात एकच. सराव या अर्थाचं नाम ब्रिटिश पद्धतीत 'सी-ई' आणि क्रियापद 'एस-ई', अमेरिकेत दोन्हींना 'सी-ई'. परवाना ब्रिटिशांत नाम 'सी-ई', क्रियापद 'एस-ई', तर अमेरिकेत दोन्हींना 'एस-ई'. व्हिसाच्या कागदांत 'अवलंबून असलेली व्यक्ती' हे नाम ब्रिटनमध्ये शेवटी 'ए-एन-टी' आणि अमेरिकेत 'ई-एन-टी'. ज्या देशाचा फॉर्म, त्या देशाचं स्पेलिंग.

देशाबाहेर जाणाऱ्यांना आणखी एक जोडी लागते. देश सोडून जाणं 'एमिग्रेशन', ई आणि एकच एम. देशात येणं 'इमिग्रेशन', आय आणि दोन एम. काही भारतीय पासपोर्टांवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असं येतं, त्यातला ई एमिग्रेशनचा.

स्पेल-चेक असताना हे सगळं कशाला?

लाल रेघ येते ती शब्द अस्तित्वात नसेल तर. 'फॉर्म'च्या जागी 'फ्रॉम' हा शब्द शुद्धच आहे. नवी साधनं वाक्य पाहून काही चुका पकडतात, पण दोन्ही शब्दांनी वाक्य पुरं होत असेल तर ती गप्प राहतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीच्या संगणकावरच्या परीक्षेत स्पेल-चेक मिळतही नाही. तिथे लिसनिंगमध्ये 40 प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, आणि स्पेलिंग चुकलं तर तो गुण जातो. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात.

लहान मुलांना जोड्या एकत्र शिकवाव्यात का?

नाही, याबद्दल आमचं मत ठाम आहे. दोन्ही नवे शब्द एकाच दिवशी शेजारी मांडले की मूल फरकाऐवजी सारखेपणाच लक्षात ठेवतं आणि पुढे कायम 'दोघांतला कुठला?' असं अडखळतं. आधी जास्त वापरातला एक शब्द घ्या, आठ-दहा दिवस वेगवेगळ्या वाक्यांत वापरू द्या. तो न विचारता बरोबर लिहिता आला की दुसरा आणा. चूक झाली तर चुकीचं रूप पाच वेळा फळ्यावर दाखवू नका, बरोबर रूप वाक्यात लिहून घ्या.

मोठ्यांनी सराव कसा करावा?

आठवड्याला पाच जोड्या पुरेत. प्रत्येक शब्दाचं आपल्या रोजच्या कामातलं एक वाक्य करा, अशी दहा वाक्यं होतील. ती फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकून वहीत लिहा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. तिन्ही वेळा बरोबर आलेली जोडी यादीतून काढा. एखादी जोडी तीनदा चुकली तर वाक्य बदला, कारण बहुतेक वेळा वाक्यच इतकं ढोबळ असतं की त्यात दोन्ही शब्द खपून जातात. 'धिस इज लूज' हे वाक्य काहीच शिकवत नाही. 'नळाचा आटा लूज आहे, म्हणून पाणी गळतं' या अर्थाचं वाक्य शिकवतं.

आडनावात व्ही लिहावा की डब्ल्यू?

दोन्ही रूढ आहेत. त्यामुळे एकाच घरात बापाच्या दाखल्यावर डब्ल्यू आणि मुलाच्या पासपोर्टवर व्ही असं घडू शकतं. उच्चारावरून निवाडा करू नका. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट आणि बँकेचं खातं या पाचांवर अक्षरागणिक एकच रूप हवं, म्हणून आधी पाचही समोर ठेवून जुळवून पाहा. फोनवर सांगताना 'वाघचा व' म्हणू नका. 'व्हिक्टरचा व्ही' किंवा 'वॉटरचा डब्ल्यू' म्हणा, आणि समोरच्याकडून पूर्ण नाव अक्षर-अक्षर परत म्हणवून घ्या.